मक बेटावरची मिस्सा

रोमहून निघालेला एक तरुण फादर आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, केरी परगण्यातल्या काहरसिव्हीन गावी पोचतो. समोरच्या समुद्रात मक नावाचे बेट आहे, बेटावर जुना मठ आहे, आणि त्या मठाच्या अधिपतींना वरिष्ठांचा हुकूम पोचवायचे काम त्याच्यावर सोपवलेले आहे. त्याला न्यायला होडीही आलेली आहे. पण पॅड्रिग नावाचा नावाडी त्याला होडीत घ्यायला साफ नकार देतो. 'फादरना घेऊन ये' असे मठाधिपतींनी त्याला सांगितलेले असते आणि समोर उभा असतो सैनिकी धाटणीचा पोशाख केलेला एक पोरगेला माणूस. फादर कसे दिसतात हे पॅड्रिगला लहानपणापासून ठाऊक आहे. दूत परोपरीने समजावतो, होडी त्याच्याविनाच परत जाते, आणि अखेर हेलिकॉप्टर मागवून त्याला बेटावर उतरावे लागते.

ब्रायन मूर यांच्या 'कॅथलिक्स' या लघुकादंबरीची ही सुरुवात. वाचताना हसू येते, आणि हसता हसता वादाच्या दोन्ही बाजू आपल्यासमोर उभ्या राहतात. एकीकडे रोमचे अधिकारपत्र, दुसरीकडे एका नावाड्याची खात्री. सगळी कागदपत्रे खिशात असूनही माणूस धक्क्यावर अडकून पडतो. खरा फादर कोण, खरी मिस्सा (कॅथलिकांची वेदीवरची मुख्य उपासना) कोणती, हे ठरवायचे कुणी, या प्रश्नाभोवती पुढची शंभरेक पाने फिरतात.

कादंबरी १९७२ साली आली. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा (१९६२ ते १९६५), संपून तेव्हा सात वर्षे झाली होती. एक गोष्ट अनेकदा विसरली जाते: तोवर मिस्सेची भाषा असलेली लॅटिन परिषदेने रद्द केली नव्हती. १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लॅटिनचा वापर टिकवावा असेही म्हटले होते आणि लोकभाषांना अधिक वाव द्यावा असेही. अंमलबजावणीत मात्र दुसरे वाक्य पुढे धावले. १९६९ साली पोप पॉल सहावे यांनी मिस्सेचा नवा ग्रंथ जाहीर केला आणि काही वर्षांतच जगभरच्या चर्चमध्ये फादर भाविकांकडे तोंड करून उभे राहिले, प्रार्थना लोकभाषेत होऊ लागल्या, जुना विधी जवळजवळ दिसेनासा झाला. बहुतेकांनी हे आनंदाने स्वीकारले. काहींना मात्र राहत्या घराचे आढे काढून नेल्यासारखे वाटले.

मूर यांनी हा सांधा बरोबर पकडला आणि गोष्ट पुढच्या काळात ढकलली. कादंबरीतला काळ विसाव्या शतकाच्या अखेरचा आहे. दुसरीच नव्हे, चौथी व्हॅटिकन परिषदही होऊन गेली आहे. खासगी पापनिवेदन जवळपास संपले आहे. लूर्दचे तीर्थक्षेत्र बंद पडले आहे. मिस्सा म्हणजे आता एक प्रतीकात्मक एकत्र येणे; भाकर आणि द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, यावर जोर देणे गैरसोयीचे ठरते, कारण बँकॉकमध्ये बौद्ध धर्माशी मेळ घालण्याच्या वाटाघाटी सुरू आहेत. अशा वेळी मक बेटावरचे मूठभर साधू जुनी लॅटिन मिस्सा म्हणतात. ती ऐकायला आधी आसपासचे लोक येतात, मग परदेशांतून विमाने भरून येतात, आणि आता टेलिव्हिजनवाले येऊ घातले आहेत. रोमला बोच आहे ती या शेवटच्या गोष्टीची. चार साधू आडबाजूला काय पुटपुटतात याची कुणाला पडलेली नाही; कॅमेरा आला की मात्र ते बंड ठरते.

ही मिस्सा होते कूम नावाच्या डोंगरावर, एका खडकापाशी. आयर्लंडमध्ये असे खडक खरोखरच आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकात इंग्रजी राजवटीने कॅथलिकांविरुद्ध जाचक कायदे केले. १६९७च्या कायद्याने बिशपांना आणि मठवासी धर्मगुरूंना देशाबाहेर घालवले. तेव्हा उघड्या माळावर, पहारे बसवून, खडकाची वेदी करून लोक मिस्सा ऐकत. मूर यांनी ही जागा निवडली यात मोठी कलात्मक चलाखी आहे. तिथे कधीकाळी रोमशी निष्ठावान राहण्यासाठी माणसे जीव धोक्यात घालत होती. आता त्याच खडकावरची तीच मिस्सा रोमला नको आहे. लेखक हे कुठे बोलून दाखवत नाही. खडकाचे वर्णन करतो आणि पुढे जातो. संयम म्हणतात तो हा.

इथे मराठी वाचकाला थोडे अडखळायला होते. देवभाषेच्या कुलपातून ज्ञान लोकभाषेत आणणारा तो आपला, ही आपली जुनी शिकवण. वसईत आणि गोव्यातही साठच्या दशकापर्यंत वेदीवरची भाषा लॅटिनच होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात मराठीत छापले गेले ते ऐकण्यासाठी, वाचण्यासाठी. मिस्सेची भाषा त्याने बदलली नाही. पुढे मिस्सा मराठीत आणि कोकणीत आली तेव्हा ती आपल्या लोकांना आपली वाटली. म्हणून 'कॅथलिक्स' हाती घेताना आपली सहानुभूती आपसूक रोमच्या सुधारक दूताकडे जाते. आणि मूर ती हळूहळू काढून घेतात. कारण त्यांच्या गोष्टीत लॅटिन मागतात ते गुडघ्यांवर बसणारे कोळी, शेतकरी. आणि लोकांना कळेल असा धर्म हवा म्हणतात ते रोमच्या कचेरीत बसणारे.

तो दूत, जेम्स किन्सेला, खलनायक मात्र नाही. हे पुस्तकाचे बळ आहे. तो हुशार आहे, सभ्य आहे, कामाला चोख आहे. लॅटिन अमेरिकेत छळ सोसून देहाने मोडलेले फादर हार्टमन हे त्याचे गुरू. चर्चने गरिबांच्या बाजूने क्रांतीत उतरावे, बाकी सारा विधी-उपचार दुय्यम, ही त्याची धारणा. १९६८ साली कोलंबियातल्या मेदेयिन इथे लॅटिन अमेरिकेतले बिशप जमले आणि गरिबांचा कैवार हा विषय चर्चच्या मधोमध आला. १९७१ साली गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचे मुक्तीच्या धर्मचिंतनावरचे पुस्तक आले. किन्सेला त्या हवेतला तरुण आहे. त्याला मिस्सेपेक्षा माणूस महत्त्वाचा वाटतो, आणि यात चुकीचे काय आहे, असे आपल्यालाही वाटत राहते. फक्त समोरचा माणूस नेमके काय गमावतो आहे, हे त्याला दिसत नाही.

ते त्याला फादर मॅनस दाखवतात. पुस्तकातला हा सर्वांत भावनावश प्रसंग. मॅनस साधे, बोलके, म्हातारपणाकडे झुकलेले साधू. दूताला आपली बाजू पटवायची म्हणून ते बोलायला लागतात आणि बोलता बोलता सगळे उघडे करतात: वेदीवर देव येतो, दररोज, एका साध्या माणसाच्या शब्दाने येतो, हा चमत्कार आहे, तो काढून घेतला तर मागे उरते काय? लोकांना गाण्या-हसण्याचा मेळावा नको होता, त्यांना त्या शांततेत देवाशी बोलायचे होते. मूर यांनी एरवी वाक्ये तुटक, कोरडी ठेवली आहेत. इथे ती लांबतात, एकमेकांत अडकतात, धापा टाकतात. नाटकात स्वगताला जशी जागा दिली जाते तशी जागा या भाषणाला दिली आहे, आणि त्यानंतर किन्सेला काय म्हणतो याला फारसे महत्त्व उरत नाही. जुन्या मिस्सेची बाजू इतक्या उत्कटतेने मांडणारे गद्य मी तिच्या पुरस्कर्त्यांच्या ग्रंथांतही वाचलेले नाही.

ते लिहिणारा माणूस स्वतः श्रद्धाळू नव्हता, हे इथे सांगायला हवे. मूर यांचा जन्म १९२१चा, बेलफास्टच्या कॅथलिक घरातला; वडील शल्यचिकित्सक. तरुणपणीच त्यांची श्रद्धा गेली. १९४८ साली ते कॅनडाला गेले, पुढे कॅलिफोर्नियात राहिले, १९९९ साली तिथेच वारले. ज्यावर विश्वास उरला नाही त्याच्याकडे पाठ करता येत नाही, अशी माणसे त्यांच्या कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा येतात. आणि त्या काळात अशी माणसे कादंबऱ्यांबाहेरही होती. १९७१ साली लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये एक निवेदन आले. जुनी मिस्सा नष्ट होऊ देऊ नये, ती साऱ्या मानवी संस्कृतीचा ठेवा आहे, असा त्याचा आशय. सह्या करणाऱ्यांत अ‍ॅगाथा ख्रिस्ती, आयरिस मर्डॉक, रॉबर्ट ग्रेव्हज, येहुदी मेन्युहिन होते. यांतले कुणीही कॅथलिक नव्हते. पोपनी त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्सपुरती मर्यादित परवानगी दिली. सह्यांच्या यादीत ख्रिस्तीबाईंचे नाव पाहून पोप सही करायला तयार झाले, असा किस्सा सांगतात, आणि त्या परवानगीला ख्रिस्तीबाईंचेच नाव चिकटले आहे. त्या श्रद्धेत नसलेल्यांनी श्रद्धावंतांचा विधी वाचवायला धावावे, ही गोष्ट मोठी विचित्र. पण ती समजल्याशिवाय मूर यांचे मठाधिपती समजत नाहीत.

टोमास ओमॅली हे मठाधिपती म्हणजे या कादंबरीचा प्राण. वय सत्तरीला टेकलेले. थट्टेखोर, व्यवहारी, आपल्या माणसांना बापाच्या मायेने आणि फौजदाराच्या नजरेने सांभाळणारे. त्यांनी लॅटिन मिस्सा का चालू ठेवली? किन्सेलाला वाटते हा कट्टर पुराणमतवादी असणार, लढाई होणार. तसे काही नसते. नव्या मिस्सेने लोक दुरावले, जुनीने परत आले, म्हणून जुनी. उत्तर इतके साधे आहे. दूत चक्रावतो. मग लेखक आपल्याला दूताच्या डोक्यातून हलकेच काढून मठाधिपतींच्या मनात नेऊन सोडतो, आणि तिथे कळते की या माणसाने कित्येक वर्षांत प्रार्थनाच केलेली नाही. एकदा तो लूर्दला गेला होता. तिथला बाजार, तिथली आशेने आलेली आजारी माणसे पाहून त्याच्या आत काहीतरी कोसळले. तेव्हापासून प्रार्थनेचा प्रयत्न केला की तो एका पोकळीत जातो, जिथे देव नाही, काहीच नाही, नुसती भीती. म्हणून तो प्रार्थना टाळतो आणि बाकी सगळे करतो: हिशेब, डागडुजी, शिस्त, विनोद.

आता पुढची गाठ बघा. रोमचा हुकूम आहे: जुनी मिस्सा थांबवा. ज्यांच्यात श्रद्धा ओतप्रोत आहे ते साधू हुकूम मोडायला निघतात. फादर मॅथ्यू तर रात्रभर जागरण मांडतात. आणि ज्याच्यात श्रद्धा उरलेली नाही तो मठाधिपती सकाळी शांतपणे म्हणतो, आज्ञा पाळली जाईल. श्रद्धा आणि आज्ञापालन या दोन गोष्टी कॅथलिक शिकवणीत सख्ख्या बहिणी. मूर यांनी त्यांची फारकत करून दोघींना एकाच छपराखाली समोरासमोर बसवले. जुन्या विधीच्या आग्रही गटांचे सगळे दुखणे याच फारकतीत आहे, आणि ते या पुस्तकाइतके नेमके कुणी मांडले असेल असे मला वाटत नाही.

कारण प्रत्यक्षात घडले ते असेच, पण उलट्या पात्रयोजनेने. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये संत दहावे पायस यांच्या नावाने धर्मगुरूंचा संघ काढला. स्थानिक बिशपांची रीतसर परवानगी होती. एकोन गावी सेमिनरी उभी राहिली. नोव्हेंबर १९७४ मध्ये रोमकडून तिथे दोन निरीक्षक आले. त्यांची काही मते ऐकून लफेव्र इतके अस्वस्थ झाले की त्याच महिन्यात त्यांनी एक खणखणीत जाहीरनामा लिहून काढला: सनातन रोमला आम्ही मानतो, नव्या प्रवाहाच्या रोमला नाही. 'कॅथलिक्स' तेव्हा दोन वर्षांपूर्वीच छापून झाली होती. दूर डोंगरातला मठासारखा एकांत, रोमचे आधुनिक विचारांचे पाहुणे, सगळे तेच. फरक एवढाच की लफेव्र यांच्यापाशी श्रद्धा होती आणि त्यांनी आज्ञा मानली नाही. १९७५ साली संघाची मान्यता गेली, १९७६ साली त्यांचे धर्माधिकार गोठवले गेले. १९८८च्या मे महिन्यात रोमच्या वतीने बोलणाऱ्या कार्डिनल रात्सिंगर यांच्याबरोबर समझोत्यावर सही झाली आणि दुसऱ्याच दिवशी लफेव्र यांनी ती मागे घेतली. ३० जून १९८८ रोजी पोपची परवानगी नसताना त्यांनी चार बिशपांना अभिषेक केला, आणि बहिष्कार ओढवून घेतला. त्यांच्यातलेच काही जण ही पायरी ओलांडायला तयार नव्हते. त्यांनी त्याच जुलैत संत पीटर यांच्या नावाचा वेगळा संघ काढला: मिस्सा जुनीच, पण पोपच्या छत्राखाली. मॅनस आणि ओमॅली, दोघेही असे वाटून घेतले गेले.

पुढचा इतिहास लंबकासारखा आहे. रात्सिंगर पोप बेनेडिक्ट सोळावे झाल्यावर २००७ साली त्यांनी जुन्या मिस्सेला मोकळीक दिली, २००९ साली चारही बिशपांवरचा बहिष्कार उठवला. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली ती मोकळीक काढून घेतली: कुठे, केव्हा, हे स्थानिक बिशप ठरवतील, आणि नव्याने दीक्षा घेतलेल्या फादरना तर बिशपांनी रोमला विचारल्याशिवाय परवानगी देता येणार नाही. पण याच फ्रान्सिस यांनी २०१५ पासून लफेव्र यांच्या संघातल्या फादरांपुढे केलेले पापनिवेदन ग्राह्य धरले, २०१७ साली त्यांच्याकडच्या विवाहांना रीतसर वाट करून दिली, आणि २०२२ साली पीटर संघाला जुनी पुस्तके वापरायला मुभा दिली. बाहेर काढलेला नाही, आत घेतलेला नाही, असा लफेव्र यांच्या संघाचा मुक्काम फ्रान्सिस यांच्या काळात उंबऱ्यावरच राहिला.

आता पुस्तकातले उणे. मूर यांचे साधू राजकारणाच्या बाबतीत फारच निरागस आहेत. मासे मारतात, प्रार्थना करतात, जुने जपतात. लफेव्र यांचा वाद मात्र नुसत्या मिस्सेचा नव्हता. इतर धर्मीयांना उपासनेचे स्वातंत्र्य असावे, या परिषदेच्या भूमिकेलाच त्यांचा विरोध होता. १९७६च्या ऑगस्टमध्ये लील शहरात हजारोंसमोर प्रवचन करताना त्यांनी अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीतल्या सुव्यवस्थेची वाखाणणी केली. त्यांनी अभिषेक केलेल्या चौघांपैकी रिचर्ड विल्यमसन यांनी एका मुलाखतीत ज्यूंच्या संहाराचे वास्तवच नाकारले, आणि २००९ साली बहिष्कार उठला त्याच सुमारास ती मुलाखत प्रसारित होऊन पोपची पुरती नाचक्की झाली. पुढे २०१२ साली संघानेच त्यांना काढले. परंपरेच्या प्रेमाला चिकटून येणारे हे जहर मक बेटावर कुठेच नाही. शिवाय ज्या लोकांसाठी हे सगळे चालले आहे असे सांगितले जाते ते लोक पुस्तकात दुरूनच दिसतात. खडकापाशी गुडघे टेकणाऱ्या एखाद्या बाईला दोन वाक्ये बोलायला दिली असती तर मॅनस यांच्या भाषणाची परीक्षाही झाली असती.

शेवटच्या प्रसंगाने मात्र हे उणे बरेचसे भरून काढले आहे. दूत हेलिकॉप्टरने निघून गेला आहे. त्याच्या लेखी काम फत्ते. मठाधिपती चर्चमध्ये येतात तेव्हा साधू बिथरलेले आहेत. मिस्सा हा चमत्कार आहे की नुसता विधी, हे त्यांना आता, याच क्षणी, आपल्या वडीलधाऱ्याच्या तोंडून ऐकायचे आहे. ओमॅलींना खोटे बोलता येत नाही आणि खरे बोलता येत नाही. ते तिसरेच काही करतात. आपण सगळे मिळून प्रार्थना करू, प्रार्थना हाच चमत्कार, असे सांगून ते गुडघे टेकतात. ज्या पोकळीच्या भीतीने त्यांनी इतकी वर्षे प्रार्थना टाळली तिच्यात आपण आता शिरणार आणि कदाचित परत येणार नाही, हे त्यांना माहीत आहे. शब्द सुरू होतात. साधू मागोमाग म्हणू लागतात. हे आत्मबलिदान आहे की ढोंगाचा कळस, हे लेखक सांगत नाही. मला ते बलिदान वाटते. दुसऱ्यांची श्रद्धा सांभाळण्यासाठी एक नास्तिक देवाला हाक मारतो, आणि आज्ञापालनाचे एरवी पोकळ वाटणारे व्रत इथे एकदाच रक्तामांसाचे होते.

१९७३ साली जॅक गोल्ड यांनी यावर टेलिव्हिजनसाठी चित्रपट केला. पटकथा मूर यांचीच, मठाधिपती ट्रेव्हर हॉवर्ड, दूत मार्टिन शीन, मॅनसच्या भूमिकेत सिरिल क्युसॅक. हॉवर्ड यांचे काम उत्तमच आहे, पण ओमॅलींच्या आतली पोकळी चेहऱ्यावरून अर्धीच वाचता येते. ती गद्यातच पुरी कळते. तेव्हा आधी पुस्तक वाचावे. इंग्रजी सोपे आहे, एका बैठकीत संपते, आणि लॅटिन मिस्सेच्या वादावर कुणी ठाम मत देऊ लागले तर त्यांनाही ते वाचायला द्यावे.